कापायची राहिलेली सावली

कॅनडातल्या विनिपेगमधल्या आमच्या गल्लीतले शेवटचे एल्मचे झाड मंगळवारी कापले. कापायच्या आजारी झाडावर पालिका नारिंगी ठिपका मारते. मुलांनी तो घासून पुसला होता, तरी करवतवाले आलेच.

बुधवारी दुपारी पाहिले, तर झाडाची सावली गवतावर तशीच होती, फांद्यांसकट, वाऱ्यावर हलणारी.

मी निवृत्त शिक्षिका. सुट्टीत गल्लीतली मुले त्या झाडाखाली माझ्याकडे शिकायला येत. काठीची आणि झाडाची सावली मोजून झाडाची उंची काढायला मी त्यांना तिथेच शिकवले होते. त्या दुपारीही ती येऊन सावलीत बसली.

"काय बाई, पोरांना उन्हात भाजून काढताय का?" शेजारचा वासिल कुंपणावरून ओरडला. मग त्याची नजर गवतावर गेली आणि तो घरात शिरला.

"निदान ही तरी राहू दे," मी पुटपुटले.

तेवढ्यात करवतीचा आवाज सुरू झाला. रस्त्यावर कोणी नव्हते. गवतावरच्या सावलीची एकेक फांदी तुटून पडू लागली.

"कोणी उठू नका," मी मुलांना बजावले. वाटले, ती बसून आहेत तोवर सावली वाचेल.

आवाज थांबला तेव्हा सगळीकडे ऊन होते.

"गेली," छोटी तेसा रडवेली होऊन म्हणाली. मग तिने नेहमीसारखी काठी रोवली आणि ती काठीशेजारी ताठ उभी राहिली. "बाई, आता माझी उंची काढा ना."

काठीची सावली गवतावर स्वच्छ पडली होती. तिच्या शेजारी मी तेसाची सावली शोधत राहिले.