योग्य ती कार्यवाही

बारा वाजायला दहा मिनिटं उरली होती आणि कावळ्याचा पत्ता नव्हता. परसातल्या दगडी गडग्यावर पान वाढून ठेवलेलं होतं, आणि त्याच्यासमोर नंदकुमारांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. पान म्हणजे कागदी प्लेट. भात, वरण, खीर, वडे, आणि इथे परदेशात, कासलबारच्या दुकानांत गवार मिळाली नाही म्हणून फरसबीची भाजी. सगळं निवत चाललं होतं.

आज अविधवा नवमी. त्यांची बायको उषा गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली, सवाष्ण गेली, म्हणून आजचा मान तिचा. तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. ऊन चढलं, नातेवाईक घड्याळं बघायला लागले, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी जेवायला मोकळी झाली. नंदकुमारांना मात्र तेव्हापासून धड झोप नव्हती. तिचं काहीतरी राहिलं होतं. काय राहिलं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकं तेच त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

तसा इथे कावळ्यांना तोटा नाही. आपल्याकडच्यासारखेच, फक्त राखाडी स्वेटर घातलेले. पण गडग्यापलीकडे नोएलचं शेत, आणि नोएलकडे बंदूक. कावळे त्याच्या सायलेजच्या, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याच्या, गठ्ठ्यांचं प्लास्टिक फाडत, वसंतात कोकरांचे डोळे फोडत. म्हणून तो ते टिपायचा आणि बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून खांबाला उलटे टांगायचा. आत्ताही दोन लोंबत होते. एरवी माणूस लाखातला. थंडीत शिकारीला गेला की रानातल्या फेझंट पक्ष्यांची जोडी लेकीच्या, यामिनीच्या दाराला अडकवून जायचा, शेजारधर्म म्हणून. ती हसून घ्यायची आणि मांस खाणाऱ्या मैत्रिणीला पोचती करायची.

"मी बोलते त्याच्याशी," यामिनी काल म्हणाली होती. पण बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात इंग्रजी मसुदे लिहिलेल्या माणसाला लेकीची दुभाषी कशाला हवी? ते स्वतः गडग्यापाशी गेले होते.

"नोएल, टुमॉरो ट्वेल्व्ह ओ'क्लॉक, क्रोज विल कम टु माय हाउस. काइंडली डू द नीडफुल."

म्हणजे बंदूक ठेव बाबा खाली. खात्यात या वाक्यावर धरणाचे दरवाजे उघडत.

नोएलने टोपी मागे सारून डोकं खाजवलं होतं. "द नीडफुल, इज इट? ग्रँड. नो बॉदर."

तारेवर एक कावळा येऊन बसला. नंदकुमार जागीच थबकले.

"यामिनीची काळजी घेईन," ते पुटपुटले. कावळ्याने मान वाकडी केली. "तुझी तुळस जगवीन. बीपीची गोळी चुकवणार नाही." कावळा गडग्याच्या पार टोकाला उतरला आणि तिथेच बसून राहिला.

खिडकी उघडली. यामिनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, कानाला हेडफोन. "बाबा, आला?"

त्यांनी हातानेच तिला गप्प केलं. यामिनी वर्षानुवर्षं दोघांना इकडे बोलावत होती. त्यांचं उत्तर ठरलेलं: आधी पावसाळा होऊ दे, मग थंडी सरू दे, मग मी मोकळा होऊ दे. उषाने हौसेने काढलेला पासपोर्ट कपाटात कोराच राहिला.

"उषा," ते म्हणाले, आणि आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला, "तुला लेकीचं घर दाखवायला हवं होतं गं. मीच आणलं नाही. चुकलं माझं."

कावळा तीन उड्या मारत आला. त्याने भातात चोच खुपसली, घास घेतला आणि शेताच्या दिशेने उडाला.

"शिवला!" नंदकुमार ओरडले. दीड वर्षाचं ओझं अंगावरून उतरलं. त्यांचे हात जोडले गेले.

तेवढ्यात बार झाला.

गठ्ठ्यांच्या आडून नोएल बाहेर आला. साडेअकरापासून बिचारा दबा धरून बसला होता. घराच्या बाजूला गोळी नको, म्हणून पक्षी शेतावर येईपर्यंत थांबलाही होता. गडग्याशी येऊन त्याने कावळा पायाला धरून वर केला.

"ट्वेल्व्ह ऑन द डॉट, युअर मॅन," तो कावळ्याकडे बघून हसत म्हणाला. "विल आय हँग हिम अप विथ द अदर्स?"

कावळ्याच्या चोचीला भाताचं शीत चिकटलेलं होतं. नंदकुमारांनी दोन्ही हात पुढे करून तो घेतला.

"नो, नोएल. धिस वन इज फ्रॉम माय वाइफ्स साइड."

यामिनी अनवाणीच धावत आली. पान पाहिलं, कावळा पाहिला, आणि तिने हळू आवाजात नोएलला चार वाक्यांत सगळं सांगितलं. आज आईचा दिवस. हा पक्षी तिच्यापर्यंत घास नेतो. नोएलची मान लाल होत गेली. त्याने बंदूक गडग्याला टेकवली, टोपी काढली आणि हात पुढे केला.

"आय'म सॉरी फॉर युअर ट्रबल, नंदकुमार."

मयताच्या घरी इथे हेच म्हणतात. यामिनीला ते माहीत होतं, नंदकुमारांना नव्हतं. त्यांनी कावळा छातीशी धरला आणि मोकळ्या हाताने नोएलचा हात घट्ट पकडला. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिसरा हात नव्हता.

"नो ट्रबल, नोएल. नो ट्रबल ॲट ऑल," ते म्हणाले. "यू हॅव डन द नीडफुल."