सात नंबरचा पाणाड्या

प्रेमलानं वहीचं पान उलटलं आणि ज्ञानोबाला कळलं, की आता नारळ येणार.

सात नंबरच्या खाटेभोवती शिकाऊ नर्सांचा घोळका उभा होता. बारा पोरी, बारा वह्या. मधोमध त्यांना शिकवणाऱ्या पार्वतम्मा सिस्टर. ज्ञानोबाचा खुबा मोडलेला आणि पाय वजनाला बांधलेला, त्यामुळे उठून जायची सोय नव्हती. त्यात भेटीची वेळ. समोरच्या बाकावर बायको मुक्ताबाई मोसंबं सोलत होती. तिच्या शेजारी गावच्या पाणीपुरवठा सोसायटीचा सेक्रेटरी महारुद्र. दोघं सकाळच्या एसटीनं भूमहून आलेले.

त्या बारातलीच प्रेमला तीन आठवडे रोज दुपारी वही घेऊन ज्ञानोबाजवळ बसत होती. तिला एका माणसाचा जन्मापासून अभ्यास करायचा होता. पार्वतम्मांनी आयुष्याचे आठ टप्पे आखून दिले होते. प्रत्येक टप्प्यापुढं दोन चौकोन, त्यातल्या एकात खूण करायची. म्हातारपणापुढं लिहिलं होतं: समाधान किंवा वैफल्य. ज्ञानोबाला आजवर जे कुणी काही विचारलं ते अर्ज भरण्यापुरतं. आणि इथं एक पोरगी, लहानपणी तुम्हाला भीती कशाची वाटायची, असं विचारत होती. तो खुलला. दिवसाआड दाढी करून घेऊ लागला. तीन वाजले की दाराकडं बघू लागला.

सांगण्यासारखं त्याच्याकडं होतंही. तो गावचा पाणाड्या, जमिनीखालचं पाणी ओळखणारा. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळं गायरान पालथं घातलं होतं. एका जागी नारळ उभा राहिला. तिथं गावानं विहीर खणली आणि पस्तीस फुटांवर पाणी लागलं. त्या पाण्यावर सोसायटी निघाली. दहा वर्षं तिचा चेअरमन ज्ञानोबाच, दर खेपेला बिनविरोध. गावात आलेली नवी नवरी आधी मारुतीच्या पाया पडायची, मग ज्ञानोबाच्या. ज्ञानोबा कोण, असं कुणी विचारलं असतं तर गावानं विहिरीकडं बोट दाखवलं असतं. ज्ञानोबानंही तेच केलं असतं.

गेल्या मंगळवारी प्रेमलानं विचारलं, "बाबा, मनात राहिलेलं काही?" आणि बायकोलाही कधी न सांगितलेली गोष्ट तो बोलून गेला.

"ह्ये कुणाला सांगायचं न्हाय, पोरी."

"नाही हो, बाबा," ती म्हणाली, आणि लिहून घेतलं.

आता ती वाचत होती. "रुग्णाच्या स्वप्रतिमेचा मुख्य आधार त्याच्याच कथनानुसार अवास्तव आढळतो."

ज्ञानोबानं रोखलेला श्वास सोडला. ही मराठी मुक्ताबाईच्या डोक्यावरून जाणार होती. महारुद्रच्याही. सोसायटीचे ठराव तो असल्याच मराठीत लिहायचा, पण त्याला त्यांचा अर्थ कुणी कधी विचारला नव्हता.

"साध्या भाषेत सांग," पार्वतम्मा म्हणाल्या. "पेशंटला पण समजलं पाहिजे."

"नारळ आपोआप उभा राहिला नाही, सिस्टर. लोक बाबांना उन्हातनं हलू देईनात. पाय भाजायला लागले. शेवटी त्यांनी अंगठ्यानं नारळ उभा केला. पाणी लागलं तो योगायोग."

बाकीच्या अकरा पोरींनी लिहून घेतलं.

"कुणाला सांगणार न्हाय म्हनली हुतीस," ज्ञानोबा म्हणाला.

"तुमचं नाव कुठं घेतलंय, बाबा? वहीत नुसतं सात नंबर आहे."

ती हे अगदी खऱ्या मनानं म्हणाली. ज्ञानोबानं भीत भीत बाकाकडं पाहिलं. दहा वर्षं ज्या नावावर जगला ते नाव आता त्या दोघांच्या तोंडावर मेलेलं दिसणार होतं. मुक्ताबाई मोसंबं सोलतच होती.

"खूण कुठं केलीस?" पार्वतम्मांनी विचारलं.

"वैफल्यापुढं, सिस्टर."

"खोडा ते, बाई," मुक्ताबाई मध्येच म्हणाली. "त्यात काय यवढं न्हाय. अंगठा तर समद्या गावानं बघितला हुता."

नवऱ्याला धीर द्यायला म्हणून ती बोलली. ज्ञानोबाला ते समजायला वेळ लागला.

"बघितला हुता? आन् तरी हीर खनली?"

"पानी तिथं हुतंच की, तात्या," महारुद्र म्हणाला. आता लपवण्यात काही राहिलं नाही, अशा मोकळ्या आवाजात. "आट दिस आदी सरकारी मानूस यंत्र लावून बघून गेला. चुन्याची फुली मारून गेला. तुमी तवा परंड्याला लेकीकडं हुता. पर सरकारच्या फुलीवर म्हातारी मानसं कुदळ लावंनात. त्यास्नी नारळच पायजे. मग तुमाला फिरवत फिरवत तिथवर आनलं आन् उनात उबं केलं. म्हनलं, कवा ना कवा उठंलच नारळ."

"मग धा वर्सं चेरमन कशापायी केला मला?"

"गावात पार्ट्या दोन. दोनी पार्ट्यांना चालंल असं मानूस तुमीच. कुनाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय."

पोरी लिहीतच होत्या.

महारुद्रच्या बोलण्यात ज्ञानोबाला अजून एक फट दिसली. तिच्यात त्यानं हात घातला.

"लबाड बोलतूस, महारुद्रा. त्या जागी मी तासभर उबा हुतो. मला कुठं दिसली न्हाय फुली."

महारुद्रनं पंख्याकडं बघायला सुरुवात केली.

मुक्ताबाईनं फोडीतली बी काढली, फोड नवऱ्याच्या तोंडापुढं धरली आणि म्हणाली, "दिसंल कशी? आदल्या सांजंला म्याच झाडून काडली हुती."