भिंतीलगतचं गवत

पुष्करने कळ दाबली तसा ट्रिमर घर्रर्र करत सुरू झाला आणि गुडघाभर गवत आडवं पडू लागलं. सावनी दोन पावलं मागे उभी होती. तिने चपला काढून ठेवल्या होत्या. कुणी काढ म्हटलं नव्हतं.

तमिळ मुलखातल्या ओरगडम गावाच्या अलीकडचं हे स्मशान. मागच्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीला लागून, लहान मुलांना पुरायची जागा होती. त्यांची मुलगी इथे होती. बारशापर्यंतही ती राहिली नाही. सावनी तेव्हा टाके घेऊन हॉस्पिटलात पडून होती. पुष्कर हॉस्पिटलच्या गाडीतून एकटाच इथे येऊन गेला. नंतर तिने कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. आता त्याची चाकणच्या कारखान्यात बदली झाली होती. उद्या सामानाचा ट्रक निघणार होता. काल भांडी खोक्यात भरता भरता ती एकदम म्हणाली, "मला जागा बघायचीय."

ट्रिमर खालच्या मजल्यावरच्या सईबाईंचा. त्या तंजावरकडच्या मराठी, गच्चीतल्या कुंड्यांतली झाडं नि मेंदीचं कुंपण या वयातही स्वतः कापायच्या. कुठे नेताय, असं त्यांनी विचारलं नाही. "हे पसरट पातं गवताला, हे लांब ते झुडपाला. हात जपून, कण्णा," एवढंच लाडाने म्हणाल्या आणि सावनीच्या गालावरून हात फिरवून आत गेल्या.

फाटकापाशी रखवालदार रामस्वामी बसला होता. "कुळंदैया?" त्याने विचारलं. बाळ का? हा शब्द सावनीने नर्सच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता की तो तिला तमिळ वाटतच नसे. तिने मान डोलावली. "मी नवीन आहे, अम्मा," असं काहीसं तो म्हणाला आणि त्याने हाताने अख्खा कोपरा दाखवला.

पावसाळा सरून पोंगलही होऊन गेला होता, पण गवत अजून ओलंच होतं. पात्यात अडकत होतं. पुष्कर थांबून ते बोटांनी काढायचा, पुन्हा कळ दाबायचा. भिंतीशी टणटणी माजली होती. तिथे त्याने लांब पातं लावलं आणि खालून फांद्या छाटत आणल्या. कापलेल्या पानांचा उग्र वास सुटला.

"मी एक वीट ठेवली होती," तो पाठमोराच म्हणाला. "अर्धी. भिंतीजवळ, एक टणटणीचं झुडूप होतं त्याच्या पायथ्याशी."

थोड्या वेळाने ट्रिमर बंद पडल्यासारखा गप्प झाला. पुष्कर खाली वाकला होता. "ही बघ," तो म्हणाला. "इथंच."

सावनी पुढे झाली. मातीत अर्धी वीट रुतलेली होती, शेवाळलेली. ती तिच्याकडे बघत राहिली. काही तरी व्हायला हवं होतं. आतून उमाळा यायला हवा होता, निदान पाय तरी लटपटायला हवे होते. पायाला नुसतं ओलं गवत लागत होतं. ती हळूच खाली बसली. पुष्करला वाटलं, तिला बसायला जागा हवी, म्हणून त्याने बाजूचं गवतही कापायला घेतलं.

दोन हातांवर दुसरी वीट निघाली. अर्धीच. तिच्याही पायथ्याशी टणटणीचं खोड होतं.

ट्रिमर पुन्हा थांबला. मग घाईघाईने सुरू झाला. आणखी एक वीट, फरशीचा तुकडा, उपडा पुरलेला स्टीलचा पेला. पलीकडे उन्हाने रंग उडालेली प्लॅस्टिकची मोटार. पुष्कर एकीकडून दुसरीकडे जात होता, वाकून बघत होता, हाताने माती खरवडत होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पुष्कर."

"थांब. ही नाही, ही तर अख्खी आहे. ती पहिलीच असणार. किंवा ही."

"पुष्कर, थांब जरा."

तो थांबला. ट्रिमर हातात लोंबकळत होता. एवढी साधी गोष्टही आपल्याला सापडत नाही, असा त्याचा चेहरा झाला होता. वर्षभरात त्याला रडताना तिने पाहिलं नव्हतं. आताही तो रडत नव्हता, फक्त त्याची हनुवटी हलत होती.

"तेव्हा काही दिसलंच नाही गं मला," तो म्हणाला. "सगळं मोकळं होतं. एकच वीट होती."

सावनी उठली. तिने त्याच्या हातातून ट्रिमर घेतला. वाटला होता त्यापेक्षा तो जड होता, आणि तापला होता. "कसा चालवायचा?"

"अंगठ्याने तो खटका दाबून ठेव. मग कळ." त्याने सवयीने सांगितलं. "पण तू कशाला..."

तिने कळ दाबली. पेल्याभोवतीचं गवत तिने हलक्या हाताने कापलं, पेल्याला पातं लागू न देता. कापलेलं गवत तळव्याने बाजूला सारलं. मग मोटारीकडे वळली. मोटारीच्या चाकात एक वेल गुंतला होता, तो तिने बोटांनी सोडवला. मग ती आणखी पुढे सरकली, जिथे अजून काहीच दिसत नव्हतं.

"सावनी, तिकडे नाही," पुष्कर मागून म्हणाला. "एवढ्या लांब नव्हतं. तिथं दुसऱ्या कुणाचं तरी असेल."

"असू दे," ती म्हणाली.

मग त्यानेही चपला काढल्या, तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि ती कापेल ते गवत दोन्ही हातांनी ओंजळीत घेऊन बाजूला टाकू लागला.