पंखात राहिलेली टॉर्च

मेथी निवडता निवडता विमानांचे मेकॅनिक दिगंबर साठे मुलीला म्हणाले, "शलाका, काल विमानाच्या पंखाचं झाकण लावलं आणि माझी टॉर्च आतच राहिली. सकाळी आठवली तशी काढली. सगळ्या कंपन्यांची विमानं जोडलेल्या सामायिक स्मृतीत तसं बोलून आलोय. आता कुणी तेच करायला लागलं, तर कुठल्याही कंपनीचं विमान माझ्या आवाजात हटकेल."

विमान-सुरक्षा खात्यात तपासनीस असलेली शलाका उखडली. "निवृत्तीला आठ दिवस राहिलेत, बाबा! माझी खात्यात काय शोभा होईल? कुणाला कळलंही नसतं."

"म्हणून तर सांगायचं. सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हे तुमच्या खात्याने आणि आमच्या कंपन्यांनी मिळूनच ठरवलंय ना? घाई नको, देठ राहतायत."

ती हातातली मेथी तशीच टाकून उठून गेली. पहाटे ते झोपेतच गेले.

चार महिन्यांनी ती नागपूरच्या हँगरमध्ये तपासणीला आली होती. दुसऱ्याच कंपनीचं विमान होतं. मेकॅनिक रुक्साना पंखाच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू पिळणार, तोच विमान बोललं, "घाई नको. आत टॉर्च राहिलीय."

रुक्सानाने खिसा चाचपला आणि झाकण उघडलं. टॉर्च तारांना खेटून पडली होती.

"अगं बाई! हे आजोबा कोण बसवलेत आत?" ती ओरडली. सगळा हँगर धावत आला. स्मृतीने पहिल्यांदाच चूक घडण्याआधी पकडली होती! टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्लोळ.

शलाकाने पंखावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "बाबा, सांगितलंत ते बरं केलंत. मीच चुकले."