ताईच्या बाजूची खिडकी

जीपच्या मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन काही केल्या सरकेना. धाकट्या भावाने आधी बोटांनी ओढली, मग पकडीने, मग चाकावर एक पाय रोवून ओढली. चेन ढिम्म हलली नाही.

"अरे, चेन आहे ती. रस्सीखेच नाही," पायरीवर बसलेली ताई म्हणाली. "कापड फाडशील."

"तू गप्प बस गं. पेशंटने बोलायचं नसतं."

"कालपासून मी पेशंट नाहीये."

हे मात्र खरं होतं. केमो संपली, रिपोर्ट चांगले आहेत, आता वारा-धूळ सगळं चालेल, फक्त दर तीन महिन्यांनी तपासणीला या, असं डॉक्टरांनी काल सांगितलं होतं. आणि आज उठल्या उठल्या ताईने पहिलं काम काढलं ते जीपच्या खिडक्या उतरवायचं. एरवी धाकटा कडाक्याच्या थंडीतही खिडक्या लावणाऱ्यातला नव्हे. डोंगरावरचे टॉवर दुरुस्त करायला उघड्या जीपने जायचा आणि भुवयांसकट धुळीने माखून घरी यायचा. पण ताईचं दुखणं निघालं आणि त्याने जीपच्या कापडी टपाला प्लॅस्टिकच्या सगळ्या खिडक्या चढवल्या. उन्हाळा आला तरी काढल्या नाहीत. आत नुसती भट्टी व्हायची. तो घामाने निथळत गाडी चालवायचा आणि 'मला थंडी वाजते' असं बेधडक खोटं सांगायचा.

ताईला या ठोंब्याचे आभार मानायचे होते. काल दवाखान्यातून परतताना तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्याने जोरात हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

म्हणून तिने तोंडाऐवजी शिलाई मशीन चालवलं होतं. जुन्या मऊ चादरींची एक भलीमोठी पिशवी, आत प्रत्येक खिडकीला वेगळा कप्पा, म्हणजे प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर घासणार नाही. धाकट्याने पिशवी उलटीसुलटी करून पाहिली.

"हे काय, हत्तीचं पाकीट?"

"छान झालंय म्हणायला काय जातं तुझं?"

"छान झालंय," तो म्हणाला आणि पुन्हा चेनशी झटू लागला. अखेर साबणाचा तुकडा घासल्यावर ती एकदाची सरकली. बाजूच्या खिडकीनेही तेवढाच जीव खाल्ला. दोन्ही खिडक्या पुसून, घडी न घालता, त्याने आडव्या कप्प्यांत सरकवल्या.

"माझ्या बाजूची मी काढते," ताई म्हणाली आणि उठली. तो ओरडणार इतक्यात तिने चेनचं टोक धरलंसुद्धा.

चेन एका बोटाने सर्रकन उघडली.

ताई थबकली. दवाखान्यातून येताना तिला ढवळून यायचं. सांगायलाही वेळ नसायचा, कशीबशी खिडकी उघडायची आणि डोकं बाहेर काढायचं. खिडकी कधी अडकली नाही. नशीब आपलं, असं तिला दर वेळी वाटायचं. आता तिने चेनच्या दातांवरून अंगठा फिरवला. नखाला पांढरं मेण लागलं. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला मेण ओळखायला चष्मा लागत नाही.

"या चेनला मेण कोणी लावलं?"

"कंपनीतूनच आलं असेल."

"तुझ्या-माझ्या आधी जन्मलेल्या जीपला? मेण ताजं आहे, ठोंब्या. आणि बाकीच्या चेना गंजल्यात."

धाकटा फडकं झटकू लागला. फडक्यात झटकण्यासारखं काहीच नव्हतं. "बाकीच्या खिडक्यांपाशी कोण बसत होतं?" तो पुटपुटला.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते येऊ दिलं. शेवटची खिडकी तिने स्वतःच पुसली आणि कप्प्यात ठेवली. धाकट्याने पिशवी उचलली, घरात नेली आणि दाराच्या मागे टेकवून ठेवली.

"इथे का? माळ्यावर ठेव ना."

"असू दे गं हाताशी."

"कशाला?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. "दर तीन महिन्यांनी तपासणी आहे ना. समजा..."

 आजवर सगळे घाबरले होते, भावजय रडली होती, शेजारी कुजबुजले होते, आणि हा एकटा थट्टा करत हिंडला होता. त्याच्यापुरतं दुखणं अजून संपलेलं नव्हतं, हे ताईला आत्ता कळलं. इतके दिवस त्याने तिला सांभाळलं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"तपासणीला आपण उघड्या जीपने जायचं," ती म्हणाली. "मला वारा खायचाय. शिडी आण."

"ताई, अगं..."

"शिडी आण म्हटलं ना. आणि पिशवी माळ्यावर अगदी मागे टाक, ट्रंकेच्या पलीकडे. हाताला लागता कामा नये."

त्याने शिडी आणली. ती लावताच ताईने दोन्ही हातांनी धरली. तो नको नको म्हणत होता, तिच्या हातांत अजून ताकद यायची आहे म्हणत होता, पण ती हटेना, तेव्हा मुकाट्याने चढला. पिशवी आत ढकलता ढकलता त्याचं डोकं, खांदे माळ्यात गेले. खाली उरले नुसते पाय. अशा माणसाला पळता येत नाही.

"ऐक आता," ताई त्या पायांना म्हणाली. "आईने जन्म दिला, तो एकदा. यंदाचा हा तू दिलास. मी तुझे फार फार आभार मानते, आणि हे मला हसण्यावारी न्यायचं नाहीये. ऐकू आलं का?"

वरून पिशवी पार मागच्या भिंतीपर्यंत सरकवल्याचा आवाज तेवढा आला.