महालक्ष्मीच्या लेकीचं माप

‘हात जरा वर कर वं,’ शालू म्हणाली.

नीलमने हात वर केले. शालूने तिच्या खांद्यावर टेपचं टोक धरलं आणि घोट्यापर्यंत सोडलं. गेल्या वर्षीपेक्षा चार बोटं जास्त भरलं. पोरगी ताडमाड वाढत होती.

एवढ्या मापासाठी शालू वलगावहून दोन बस बदलून अकोल्याला आली होती. आजवर असा द्राविडी प्राणायाम करावा लागला नव्हता, कारण नीलम शेजारच्याच घरात राहायची. उन्हाळ्यात नीलमच्या वडिलांची बदली झाली आणि माप शंभर किलोमीटर लांब गेलं. परवा महालक्ष्म्या बसायच्या होत्या. अमरावतीला बांगड्या भरायला जाते, असं शालूने नवऱ्याला, भगवंतला, ठोकून दिलं होतं.

शालूची खुशी आणि ही नीलम एकाच पंधरवड्यात जन्मल्या. खुशी चार वर्षांची असताना तापाने गेली. त्याला आता आठ वर्षं झाली.

शालूकडे महालक्ष्म्यांपुढे त्यांची मुलं उभी करतात, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीच्या अंगावर घरातल्या पोरीचे कपडे घालतात. खुशी गेल्यावरच्या पहिल्या सणाला शालूने तिचाच पायघोळ फ्रॉक घातला. पुढल्या वर्षी पेटी उघडली तेव्हा तिला तो लहान वाटला. पोर आता पाच वर्षांची झाली असती. तिने नीलमच्या मापाने नवा शिवला, आणि मग दरवर्षी शिवत गेली. गावातल्या बाकी घरांत महालक्ष्मीची मुलं होती तेवढीच राहिली. शालूकडची मुलगी वाढत होती. बाया हळदीकुंकवाला येत, तिच्याकडे बघत आणि बोलायचं विसरून जात.

पण खरा चमत्कार शालूला एकटीलाच माहीत होता. मुलीचा लाकडी सांगाडा उभा करून त्याला पांढरं कापड गुंडाळायचं काम भगवंतचं. तो ते आदल्या दिवशीच उरकून फुलं तोडायला मळ्यात निघून जाई. नवा फ्रॉक तोवर पेटीत, कुलपात असे. त्याने तो कधी पाहिलेला नसे. तरी दरवर्षी सांगाडा उंच झालेला असायचा, आणि नेमका हवा तेवढाच. फ्रॉकची कड बरोब्बर चौरंगाला टेकायची.

शालूच्या अंगावर काटा यायचा. ती हात जोडून तशीच उभी राहायची. या माणसाने आठ वर्षांत पोरीचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काढलं, तर तो भरल्या ताटावरून उठून जायचा. आणि त्याच्याच हातून देवी हे करवून घेते, त्याला पत्ताही लागू देत नाही! देवीची करणी आणखी वेगळी काय असते?

तरी यंदा शालूने मनाशी ठरवलं होतं, हे शेवटचं. देवी घरी येते तीन दिवस. बाकीचं वर्षभर शालू एकटीच त्या पोरीला वाढवत होती, आणि आता दमली होती. भगवंतचा तर तिला रागच येई. चार दिवसांपूर्वी तो बियाणं आणतो म्हणून नांदगाव खंडेश्वरला गेला आणि संध्याकाळी हात हलवत परत आला. असा वेंधळा माणूस पोरीला विसरला तर नवल ते काय, असं तिला वाटलं होतं.

‘यंदा परकर-पोलकं शिवतो मी,’ टेप गुंडाळत शालू म्हणाली. ‘बारा वर्साची झाली नं आता. पुढच्या साली तुले तरास नाई देत. हे शेवटचंच.’

नीलमचा चेहरा उतरला.

‘काहून? मंग काका एकटेच येतीन का?’

‘कोनते काका?’

‘आपले भगवंतकाका. चार दिवसाआधी येऊन गेले नं. दरसाल पैले तेच येतात, मंग तुमी. सुतळी धरतात खांद्यापासून खालपर्यंत, आन् गाठ मारतात. काकूले सांगू नको म्हनतात.’

आठ वर्षं शालू मुखवट्यांपुढे हात जोडत होती, आणि ज्याच्यापुढे जोडायला हवे होते तो मळ्यात फुलं तोडत होता. एवढं मोठं नवल तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

‘काई बोलतात का वं ते?’ तिने कसंबसं विचारलं.

‘जास्त नाई बोलत,’ नीलम म्हणाली. ‘दरसाल एकच म्हनतात, सरळ उभी राय, खुशी. आन् मी राहतो.’