शंभरात छप्पन

चारशे दाण्यांपैकी दोनशे शहाऐंशी उगवले होते. ज्योत्स्नाने ओल्या कागदाच्या गुंडाळ्या पुन्हा उलगडून मोजले, तरी तेवढेच. साडेएकाहत्तर टक्के. सोयाबीनला सत्तर लागतात. लॉट पास होत होता.

नवीन जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीत चाचण्यांचा हिशेब तिच्याकडे होता. आठवडाभर मोजून मोजून डोळे चुरचुरत होते. वही घेऊन ती मॅनेजर कल्याणरावांसमोर जाऊन बसली.

"पास हाय ना, मॅडम? मंग करा सही. उद्या गाड्या निघायच्यात."

"सर, हा लॉट आष्टीकडचा. काढणीत भिजल्ता. असे भिजलेले लॉट आजवर चौसष्टच्या आसपासच उगवलेत. तो अनुभव आणि ही चाचणी एकत्र धरली, तर खरी उगवण सत्तरच्या खाली असण्याची शक्यता शंभरात छप्पन येते."

"म्हंजी जुनं काढून नव्यात मिसळून राह्यल्या तुम्ही."

"मिसळून थांबले न्हाई. हीच रीत मागच्या चाळीस लॉटला लावून पाह्यली. शेतात काय उगवलं ते आपल्याकडं लिहिलेलं आहे. चौतीस वेळा बराबर निघाली."

"आन् सहा वेळा चुकली."

"चुकली."

कल्याणरावांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "ह्याच्यात रकाना एकच हाय. पास, न्हाईतर नापास. तुमचा अनुभव कुठं लिहू?" आवाजात राग नव्हता. हंगामाने तेही पार पिळून निघाले होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गावाकडून धाकटा भाऊ मच्छिंद्र बोलत होता.

"हां, वीस पिशव्या. काढून ठेवल्यात तुझ्या." बोलता बोलता त्यांची नजर ज्योत्स्नाच्या वहीवर गेली. ते जरा थांबले. "आसं कर, उद्या येऊ नको. परवा ये. दुसऱ्या लॉटातल्या देतो."

फोन ठेवल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. वर पंखा गरम हवाच फिरवत होता.

मग ज्योत्स्नाने फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"सर, मच्छिंद्ररावांना जे सांगितलं, ते इथं लिहिते. मंग सही करते."

कल्याणरावांनी चष्मा काढला, दोन्ही डोळे तळहातांनी चोळले. मग म्हणाले,

"बारीक अक्षरात लिहा."